प्रत्येक हाकेला लगेच ओ द्यायलाच हवी का?



वर्गात गणित घातलंय. ज्याचं झालं तो वही घेऊन टेबलाशी धावतो, "बाई, झालं!" प्रत्येकाकडे लगेच बघत बसलं तर तास संपतो आणि एकही वही धड तपासून होत नाही. मग आपण म्हणतो, "वह्या इथे ठेवा, हाका मारू नका." आणि गठ्ठा हातात घेतो.

संगणकातही हेच घडतं. एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने तयार केलेले अनेक आभासी संगणक चालतात. त्यांचं नेटवर्क कार्डही आभासीच. ते चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माहितीचं पॅकेट आलं की प्रोसेसरला हाक जाते, तिला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम टाकून तो धावतो. पॅकेटांचा पूर आला की सगळा वेळ धावण्यातच जातो आणि खरं काम जवळपास थांबतं. मोगल आणि रामकृष्णन यांनी 1996 मध्येच हा धोका मांडला होता.

लिनक्समधला व्हर्टिओ-नेट ड्रायव्हर काय करतो बघा. पॅकेटांसाठी रिकाम्या जागा तो आधीच मांडून ठेवतो. पहिली हाक आली की पुढच्या हाका बंद करतो आणि स्वतःच पॅकेटं उचलू लागतो. एका फेरीत साधारण 64, म्हणजे इतर कामंही खोळंबत नाहीत. उरली तर पुन्हा फेरी. संपली की हाका सुरू करतो आणि जाताजाता एकदा वळून बघतो: मधल्या क्षणात एखादं आलं तर नाही ना?

माझं स्पष्ट मत आहे, संगणकाच्या तासाला नुसत्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे शिकवावं. वह्यांचा खेळ घ्या, एकाला ड्रायव्हर करा. पंधरा मिनिटांत मुलं स्वतःच सांगतील की शेवटी वळून बघितलं नाही तर एक वही तशीच पडून राहते.

आणि पालकहो, थोडं आपल्याकडेही बघूया. मूल अभ्यासाला बसलं की दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारणारे आपणच ना? शेजारी मोबाईल टिंगटिंग करतोच आहे. हाका कायमच्या बंद करा असं मी म्हणत नाही. काम कमी असताना हाकच बरी, उगाच सारखं डोकावत बसावं लागत नाही. पण काम रंगात आलं असताना हाका थांबवायच्या आणि शेवटी आठवणीने वळून बघायचं, एवढं तर आपल्याला नक्की जमेल.