पेहराव म्हणजे प्रकार नव्हे

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ साली प्रदर्शित झाला. हा चित्रपट कोणत्या प्रकारचा, असे विचारले तर बहुतेक प्रेक्षक ‘तमाशापट’ असेच उत्तर देतील. ते उत्तर चूक आहे असेही म्हणता येणार नाही. त्यात फड आहे, ढोलकी आहे आणि राम कदम यांनी स्वरबद्ध केलेल्या लावण्याही आहेत. तरीही या उत्तरातून चित्रपटाचे मर्म निसटते. गावाला वळण लावू पाहणारा एक आदर्श शिक्षक तमाशातील नर्तकीच्या मोहात पडतो. त्याचा खून झाला असे समजून गाव त्याचा पुतळा उभारते. आणि अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोप माथी आल्यावर, गावाच्या मनातील प्रतिमा भंगू नये म्हणून, तो मुकाट्याने शिक्षा पत्करतो. ही सरळसरळ शोकांतिका आहे. १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी ‘पिंजरा’चे नाते सांगितले जाते. तेथे ना फड, ना ढोलकी. देश निराळा, भाषा निराळी, वेषही निराळा. पण तेथेही एका अध्यापकाचा गायिकेच्या मोहापायी अधःपात होतो. बाह्य रूप पूर्णपणे भिन्न असूनही चित्रपटाचा प्रकार मात्र एकच राहतो.

याच्या उलट उदाहरणही मराठीतच सापडते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालचा, दादा कोंडके यांना नायक म्हणून पुढे आणणारा ‘सोंगाड्या’ १९७१ सालचा. दोन्हींत तमाशा आहे. परंतु पहिला अन्यायाचा जाब मागणारा आहे, तर दुसरा प्रहसनाच्या वाटेने जाणारा. त्यांच्याच ओळीत ‘पिंजरा’ बसविला की तीन अत्यंत भिन्न कलाकृती एका पाटीखाली येतात आणि पाटी वाचणाऱ्याला तिघांपैकी एकीविषयीही काही कळत नाही.

पौराणिक, ऐतिहासिक, संतपट, सामाजिक, ग्रामीण, तमाशापट या पाट्या उगाच निर्माण झाल्या असे नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला, तेव्हा पडद्यावरच्या हलत्या चित्रांना वाणी नव्हती. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असणे ही तेव्हा सोयच होती. ‘पौराणिक’ या शब्दाने कथा कोणत्या भांडारातून आली ते सांगितले जाई. बोलपट आल्यावर १९३२ साली ‘प्रभात’ने पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून आणली, यातही नवल नव्हते. परंतु ही वर्गवारी एवढ्याच प्रश्नांची उत्तरे देते: कथा कोठून आणली, आणि पात्रांनी कोणता वेष धारण केला? चित्रपट प्रेक्षकाकडून काय मागतो, आणि आपल्या कथेवर कोणत्या अर्थाने विश्वास ठेवावा असे सुचवितो, या खऱ्या प्रश्नांना ती स्पर्शही करीत नाही.

१९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ची हकिकत या संदर्भात बोलकी आहे. बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेला हा चित्रपट म्हणजे वरकरणी संतपटच. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर बोट ठेवणाऱ्या कथेला ते नाव दिल्यावर त्यातून गांधीजींचे स्मरण होणार, हे इंग्रजी अमदानीतील सेन्सॉरच्या तत्काळ ध्यानात आले आणि नाव बदलावे लागले. सोवळ्याओवळ्याच्या कथेत भाविकाला भक्ती दिसली असेल. सत्तेला मात्र त्यात वर्तमान दिसले. वेषाला न भुलता चित्रपटाचा प्रकार अचूक ओळखण्याचे श्रेय येथे सेन्सॉरला द्यावे लागते, ही काही प्रेक्षकाला भूषणावह गोष्ट नव्हे.

हा विवेक बाहेरून आयात करावा लागेल असेही नाही. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्याचे दहा प्रकार सांगितले. ते पात्रांच्या वेषावरून नव्हेत, तर वस्तू, नेता आणि रस या तीन कसोट्यांवर. वस्तू म्हणजे कथानक. तेही त्याने तीन तऱ्हांचे मानले: इतिहासादिकांतून घेतलेले ते प्रख्यात, कवीने कल्पिलेले ते उत्पाद्य, आणि दोहोंच्या संकरातून झालेले ते मिश्र. कथा कोठून आली हा प्रश्न धनंजयालाही टळला नाही. पण त्यात कल्पनेचा वाटा किती, हेही त्याने त्याच प्रश्नाच्या पोटात घातले. एक हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या एका वादावर लख्ख प्रकाश टाकते.

तो वाद ऐतिहासिक चित्रपटांचा. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालताना दाखविल्या आणि महाराष्ट्रात निषेधाचे सूर उमटले. २०२५ साली ‘छावा’ या हिंदी चित्रपटातील संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्याचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच वादात सापडले आणि निर्मात्यांनी ते वगळले. या दोन्ही चित्रपटांचा आधार मराठी कादंबऱ्यांचा आहे: पहिल्याला ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’, दुसऱ्याला शिवाजी सावंत यांची ‘छावा’. कादंबरी हीच मुळात मिश्र वस्तू. तिच्यावरून बेतलेला चित्रपट अस्सल कागदांपासून आणखी एक पायरी दूर. तरीही निषेध करणारे त्याला इतिहासाचे पुस्तक समजून दोष काढतात, आणि भारावलेले प्रेक्षक इतिहासाचे पुस्तक समजूनच त्याच्यावर विसंबतात. परस्परांचे विरोधक दिसणारे हे दोन्ही पक्ष वस्तुतः एकच चूक करीत असतात. निर्मात्यांचे वर्तन तर अधिकच सोयीचे असते. तिकिटे विकताना ते इतिहासाचा हवाला देतात आणि आक्षेप आला की कलावंताच्या स्वातंत्र्याचा आश्रय घेतात.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरी आणि अस्सल पत्रे यांची प्रमाणता सारखी नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले. बखर वाचू नये असा त्याचा अर्थ नव्हता. बखर ही बखर म्हणून वाचावी, एवढाच होता. चित्रपटाच्या बाबतीत हा धडा अद्याप गिरवायचा राहिला आहे. वीररसाचा चित्रपट वीररसाचा म्हणून पाहावा. त्याने पोवाड्याचे काम करावे, दप्तराचे नव्हे.

वर्गवारीला एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भारतीय चित्रपटात हास्य, करुण, शृंगार आणि भय हे सारेच एकत्र नांदतात; मग त्याला एका खणात कोंबण्याचा अट्टहास कशासाठी? आक्षेप अर्धा खरा आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त (१९९३) भय आणि हास्य यांची फारकत करणे व्यर्थ आहे. परंतु मिश्रण ओळखण्यासाठीही मूळ द्रव्यांची चव ठाऊक असावी लागते. शिवाय धनंजयादी शास्त्रकारांनी रसांची सरमिसळ कधीच निषिद्ध मानली नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की अंगी रस कोणता आणि अंगभूत कोणते.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हे या विवेकाचे उत्तम परीक्षास्थान आहे. त्याचा पूर्वार्ध प्रेमपटाची सारी चिन्हे मिरवितो. गाण्यांवर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. उत्तरार्धात संसाराची ओढाताण येते, आणि शेवटी, सारे स्थिरस्थावर झाले असे वाटत असताना, जातीच्या अहंकाराने घेतलेले दोन बळी दिसतात. तेथे संगीत नाही, आक्रोश नाही. एका अजाण मुलाची पावले तेवढी आहेत. हा शेवट प्रेक्षकाला गप्प करतो, कारण प्रेमपट प्रेक्षकाशी जी बोली करतो ती दिग्दर्शकाने जाणूनबुजून मोडलेली असते. ज्याला ती बोली ठाऊकच नाही, त्याला ती मोडल्याचा घावही बसणार नाही. केवळ गाणी घेऊन जो घरी गेला, त्याने ‘सैराट’ पाहिला असे म्हणता येईल काय?

अभंग, ओवी, पोवाडा आणि लावणी यांतील भेद मराठी शाळांत आवर्जून शिकविला जातो. पोवाड्यातील अतिशयोक्तीला कोणी असत्य म्हणत नाही आणि अभंगाला कोणी तालाच्या करमणुकीपुरता ठेवीत नाही, ते या शिक्षणामुळेच. मात्र ज्या माध्यमातून आजचा विद्यार्थी इतिहास, प्रेम, जात आणि पराक्रम यांविषयीच्या आपल्या बहुतेक कल्पना गोळा करतो, त्याच्याविषयी असा एक तासही खर्ची पडत नाही. चित्रपटावरील प्रमाणपत्र तो कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा एवढेच सांगते. तो कसा पाहावा, हे सांगण्याचे काम सरकारी मंडळाचे नव्हे आणि जाहिरातदाराचे तर नव्हेच नव्हे. ‘पिंजरा’तील गावाने पुतळ्यालाच माणूस मानले आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला ओळखले नाही. पाटी वाचून चित्रपट पाहणारा प्रेक्षक त्या गावाहून फारसा निराळा नाही.