दुसऱ्यांदा मान उघडण्याआधी नकाशा हवाच!

थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली आणि आता रक्तातलं थायरोग्लोब्युलिन वाढतंय. घरचे म्हणतात, "सगळ्यात महागडा पेट स्कॅन करू." कुणी सांगतं, "जुन्या रिपोर्टात गाठ आहेच, काढून टाका." मला दोन्ही मान्य नाही.

हा कॅन्सर उलटतो तो बहुतेकदा मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये. त्या शोधायची पहिली तपासणी म्हणजे मानेची नीट केलेली सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही. पण पाच मिनिटांत उरकलेली सोनोग्राफी नको. मानेच्या दोन्ही बाजू तपासून कोणती गाठ कुठल्या भागात आणि किती मिलिमीटरची, हे रिपोर्टात यायला हवं. संशयास्पद गाठीची सुईने तपासणी करताना सुई धुतलेल्या द्रवात थायरोग्लोब्युलिनही मोजता येतं. ८ मिमीपेक्षा लहान गाठीवर अनेकदा नुसती नजर ठेवली तरी चालते.

सोनोग्राफीला श्वासनलिकेमागचं आणि छातीच्या हाडामागचं नीट दिसत नाही. तिथे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. इथे हमखास आक्षेप येतो: "कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, मग रेडिओआयोडीन देता येणार नाही." देता येतं! ते आयोडीन बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन महिन्यांत निघून जातं. शंका असेल तर लघवीतलं आयोडीन मोजावं. सहसा सावकाश वाढणाऱ्या या आजारात तेवढं थांबणं परवडतं. अर्धवट माहितीवर केलेलं ऑपरेशन परवडत नाही. किडनीचा त्रास किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा.

पेट स्कॅन वाईट नाही. थायरोग्लोब्युलिन बरंच वाढलंय आणि रेडिओआयोडीन स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो. पण तो सोनोग्राफीची जागा घेत नाही.

एवढा आग्रह का? कारण दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आतमध्ये जुना व्रण असतो. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्यातच अडकलेल्या असू शकतात. सर्जनने तिथे चाचपडत गाठ शोधली, तर आवाज बसण्याची किंवा आयुष्यभर कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते. म्हणून दुर्बिणीने स्वरयंत्रही आधीच तपासून घ्या.

सही करण्यापूर्वी सर्जनना एकच विचारा: "डॉक्टर, गाठ नेमकी कुठे आहे, ते मला स्कॅनवर दाखवाल का?" उत्तर "आत गेल्यावर बघू" असं आलं, तर सही करू नका.