कोड दिसला म्हणून सेन्सर मेला असं नाही
चाकाखालचा रस्ता / रस्तेकर

हापूसच्या पेट्या भरून गाडी रत्नागिरीतून कोल्हापूरला निघते. हातखंबा, पाली मागे पडतं, साखरप्यापुढे आंबा घाट सुरू होतो आणि नेमकी तिथेच इंजिनची पिवळी लाइट पेटते. गाडी लोड घेत नाही. पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरवरून पुढे सरकत नाही. हंगामात अशी तक्रार आपल्याकडच्या गॅरेजांना नवी नाही, आणि पुढचा क्रमही जवळपास ठरलेला. स्कॅनर लागतो, पडद्यावर पी ०११३ किंवा पी ००७डी असा कोड येतो, ‘टर्बोचा टेम्परेचर सेन्सर गेला’ असा निकाल लागतो. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो. दोन पाऊस पडले की लाइट पुन्हा पेटते. मग आणखी एक सेन्सर. त्यानंतर टर्बोच बदलायची गोष्ट निघते आणि मालकाच्या हंगामाची कमाई तिथेच संपते.

सेन्सर खराब आहे असं कोड कधीच सांगत नाही. सेन्सर, त्याच्या वायरी, कपलर आणि संगणक या सर्किटमध्ये कुठेतरी संगणकाला न पटणारं व्होल्टेज आलं, एवढंच तो सांगतो. नेमकं कुठे, हे मेस्त्रीनेच शोधायचं असतं. ते न शोधता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणं. आणि आपल्या खारट, ओल्या हवेत संशयाची पहिली जागा सेन्सर नसून कपलर असायला हवी.

टर्बोच्या आसपास तापमान मोजायच्या जागा दोन प्रकारच्या. एक थंड बाजूची: टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरकडे जाते तिथे, आणि इंटरकूलरमधून इंजिनात शिरते तिथे. दुसरी गरम बाजूची: सायलेन्सरच्या वाटेवर, टर्बोच्या आधी किंवा नंतर, आणि धुराच्या फिल्टरजवळ. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ आलं, डिझेल गाड्यांना धुराचे फिल्टर बसले आणि गरम बाजूच्या या सेन्सरांना मोठं महत्त्व आलं.

थंड बाजूच्या सेन्सरचं काम साधं आहे. आत एक छोटा थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विरोध घटतो. संगणक आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून त्याला पाच व्होल्ट देतो आणि वायरीवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. सेन्सर थंड तर व्होल्टेज जास्त, गरम तर कमी. वायर तुटली किंवा कपलरची पिन सुटली तर व्होल्टेज पाचाजवळ जातं आणि संगणकाला वाटतं, हवा उणे ४० अंश आहे. रत्नागिरीत उणे ४०! दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्याकडे जातं आणि तापमान अशक्य इतकं वर दिसतं. इथेच पहिली मोठी चूक होते. पी ०११३मध्ये ‘हाय’ लिहिलेलं असतं आणि वाचणारा समजतो, हवा फार तापली. तो ‘हाय’ व्होल्टेजचा आहे, तापमानाचा नाही. त्या कोडचा रोख तुटलेल्या सर्किटकडे असतो. इंटरकूलर धुऊन तो जात नाही.

गरम बाजूला नेमकं उलटं. तिथे बऱ्याच गाड्यांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो, शून्य अंशाला सुमारे २०० ओहमचा, आणि तापला की त्याचा विरोध वाढतो. म्हणजे तिथे वायर तुटली तर तापमान खूप जास्त दिसतं आणि शॉर्ट झाली तर खूप कमी. पी ०५४५ आणि पी ०५४६ हे कोड वाचताना हे ध्यानात नसेल, तर मेस्त्री पहिल्या पावलालाच चुकीच्या दिशेने जातो. शिवाय काही संगणक बिघाड कळला की खऱ्या आकड्याऐवजी स्वतःचा ठरलेला आकडा पडद्यावर दाखवतात. म्हणून अंशांवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने व्होल्टेजही पाहावं.

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा आणि स्कॅनरवर सगळी तापमानं एकाखाली एक बघा: पाण्याचं, आत येणाऱ्या हवेचं, इंटरकूलरनंतरचं. बाहेर २६ अंश असतील तर सगळे आकडे २६च्या आसपास हवेत. एखादा १२-१५ अंशांनी फटकून असेल तर चोर तिथे आहे. मग त्या सेन्सरचा कपलर काढा. थंड बाजूच्या सर्किटमध्ये उणे ४० दिसत होतं, तर कपलरच्या दोन टोकांना छोटी वायर जोडा. आकडा एकदम टोकाला चढला, तर वायरिंग आणि संगणक ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांमध्ये. आकडा हलला नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. उलट आकडा अशक्य वर होता आणि कपलर काढताच उणे ४०वर आला, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळं मिळून चहा निवेपर्यंत होतं.

मिरकरवाड्याच्या बंदरावर काम करणाऱ्याला मीठ तांब्याचं काय करतं हे शिकवावं लागत नाही. पण घाटावरून आलेल्या कंपनीच्या माहितीपुस्तकात कोकणाचा पाऊस नसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी, समुद्रावरून येणारी खारी हवा, चिऱ्यांच्या खाणींची आणि महामार्गाच्या कामाची लाल धूळ, आणि वर सर्व्हिसिंगला जोराच्या पाण्याने धुतलेलं इंजिन. कपलरचं रबरी सील एकदा कडक झालं, की पाणी आत शिरतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. त्या थरामुळे विरोध वाढतो आणि संगणकाला हवा आहे त्याहून थंड वाटते. दुपारी गाडी तापून कपलर वाळला की दोष गायब, रात्री पुन्हा हजर. वायर टोचून व्होल्टेज बघण्याच्या सवयीचा तर मला रागच येतो. सुईने पडलेलं ते भोक पावसाळ्यात पाणी पिऊ लागतं, आणि आतलं तांबं काळं पडून वायर महिन्याभराने भलत्याच ठिकाणी तुटते. तपासायचंच तर कपलरच्या मागच्या बाजूने तपासावं.

कधी कधी मात्र सेन्सर खरंच बोलत असतो, आणि ते ओळखता आलं पाहिजे. मोठ्या ट्रकांच्या कोडमध्ये हा फरक स्पष्ट असतो. एसपीएन २६२९ म्हणजे टर्बोतून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान. त्यासोबत बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा, म्हणजे एफएमआय, ३ किंवा ४ असेल तर गडबड व्होल्टेजची. ० किंवा १६ असेल तर हवा खरोखर तापलेली. हवा दाबली की तापतेच. ३३ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली तर ती १२५-१३० अंशांपर्यंत सहज जाते. घाटात भरलेली गाडी सावकाश चढते, समोरून वारा लागत नाही, त्यात इंटरकूलरच्या जाळीत लाल धूळ आणि तेलाचा लेप बसलेला. मग इंजिनात शिरणारी हवा बाहेरच्यापेक्षा २०-३० अंशांनी गरम असायची ती कितीतरी अधिक गरम येते. टर्बोनंतरचा रबरी होज चिरला असेल, तर गेलेला दाब भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापते. होजवर साबणाचं पाणी ओतलं की गळती दिसते. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्याला घराबाहेर काढणं.

आणि एक प्रकार तर सरळ धोक्याचा. गरम बाजूचा सेन्सर महाग म्हणून त्याच्या जागी ठरावीक विरोधाचा रेझिस्टर लावून संगणकाला फसवलं जातं. धुराचा फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. संगणक ते मोजून डिझेल किती सोडायचं हे ठरवतो. त्याला कायम एकच आकडा दाखवत राहिलात, तर एक तर फिल्टर साफच होत नाही, किंवा साफ होताना तापमान कुठवर गेलं हे कुणालाच कळत नाही. गाडीत माणसं बसलेली असतात.

मेस्त्रींना मी एकटं दोषी धरत नाही. वायरिंगचा नकाशा, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हवेत याचा तक्ता, सेन्सरचा तापमानानुसार विरोध ही माहिती त्यांना सहज मिळत नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना २५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा असं बजावलं. त्याविरुद्ध अपिलं झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचा नंबर असणं वेगळं आणि गॅरेजवाल्याच्या हातात पिनांचा तक्ता असणं वेगळं. माल वाहणारी गाडी विकताना तो तक्ता मराठीत, गाडीच्या कागदांसोबतच मिळाला पाहिजे. मालकांच्या संघटनांनी तो कंपन्यांकडे मागावा. एकट्या मेस्त्रीच्या फोनला कुणी दाद देत नाही.

तोवर मालकांनी आपल्या बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पुसण्याआधीचा पूर्ण कोड, कपलर उघडून पाहिला की नाही, आणि दुरुस्तीनंतर सकाळच्या थंड इंजिनवर सगळ्या सेन्सरांचे आकडे. जुना सेन्सरही परत मागावा. भरलेल्या गाडीने एकदा घाट चढून, स्कॅनर लावलेला असतानाच तापमान पाहिलं जाईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.