सवलतीचे तिकीट आणि गुडघाभर पायरी

वृद्धांविषयी आदर व्यक्त करण्यात आपला समाज कधी कमी पडत नाही; त्यांना गाडीत चढता यावे एवढी साधी व्यवस्था करण्यात मात्र तो सतत कमी पडत आला आहे. हे विधान ज्यांना कठोर वाटेल त्यांनी शिरूर वा दौंड तालुक्यातील एखाद्या गावातून, गुडघे निकामी झालेल्या आपल्या आईला किंवा आजोबांना घेऊन, सार्वजनिक वाहनाने पुण्याच्या रुग्णालयापर्यंत एकदा जाऊन यावे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन शेजारी तालुके. शिरूर गावाला रेल्वे नाही. त्याची सारी भिस्त पुणे–नगर रस्त्यावर. उलट दौंड हे मोठे जंक्शन. तेथून सोलापूर, मनमाड आणि बारामती या तिन्ही दिशांना लोहमार्ग फुटतात. म्हणजे शिरूरचा म्हातारा एस.टी.च्या पायरीशी अडतो आणि दौंडचा म्हातारा रेल्वेच्या जिन्याशी. वाहने वेगळी, अडवणूक एकच.

शिरूरवरून जाणाऱ्या या रस्त्याला एस.टी.च्या इतिहासात मानाचे स्थान आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली, आणि महामंडळाची पहिली विजेवरील ‘शिवाई’ही १ जून २०२२ रोजी याच मार्गावर सुरू झाली. या ७४ वर्षांत इंजिने बदलली, आसने मऊ झाली, भाड्याचे दर अनेकदा वाढले. परंतु खेड्यापाड्यांत जाणाऱ्या साध्या गाडीची पहिली पायरी आजही जमिनीपासून गुडघाभर उंचच आहे. तरुण माणूस ती एका ढांगेत चढतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मात्र खालून एकाने उचलावे लागते आणि वरून दुसऱ्याने ओढावे लागते. तेवढ्यात गाडी सुटण्याची घाई होते आणि मागच्या रांगेतून नापसंतीचे सुस्कारे ऐकू येतात.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६५ वर्षांवरील प्रवाशांना एस.टी.त निम्मे भाडे पडते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास, तर मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. या सवलतींचे स्वागतच केले पाहिजे. त्यांच्यामुळे कितीतरी वृद्ध स्त्रिया लेकीच्या गावी पुन्हा जाऊ लागल्या. परंतु सवलत भाड्याचे ओझे उतरवते, देहाचे नव्हे. ज्याचे पाय चालतात त्याला ती प्रवास देते; ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्या हाती नुसते तिकीट ठेवते.

रेल्वेने तर तेवढेही ठेवले नाही. पुरुषांना ४० टक्के व स्त्रियांना ५० टक्के अशी ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, आणि साथ ओसरल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. शिवाय उंचीचा प्रश्न आहेच. आपल्याकडील उंच फलाटही रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो. डब्याची जमीन मात्र सव्वा मीटरच्या आसपास. मधले अंतर अरुंद लोखंडी पायऱ्यांनी तोडायचे. पुणे–मनमाड मार्गावरील गाड्यांचे इंजिन दौंडला फिरवावे लागू नये म्हणून कॉर्ड लाइनवर स्वतंत्र स्थानक झाले. गाडीचा वेळ वाचला, हे चांगलेच. पण मुख्य स्थानकात न येता तेथेच थांबणाऱ्या गाड्यांचा वृद्ध प्रवासी गावापर्यंत कसा पोहोचावा, हा प्रश्न वेळापत्रकात कोठेच येत नाही.

हे तंत्रज्ञानाचे दारिद्र्य आहे काय? मुळीच नाही. याच परिसरात उसाची मोळी फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत किती बिनबोभाट पोहोचते ते पाहावे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत मालमोटारीच्या उंचीचे धक्के बांधलेले असतात, कारण माल उचलताना मोडला तर मालकाचे नुकसान होते. माणसासाठी धक्का नाही, कारण त्याच्या मोडलेल्या हाडाचा खर्च कोणाच्याही ताळेबंदात लिहिला जात नाही. पुणे शहराच्या हद्दीत याच नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बीआरटी सुरू झाली होती. तिच्या थांब्यांवर प्रवासी पायरी न चढता सरळ बसमध्ये पाऊल टाकू शकत. पुढे तो मार्ग टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला. त्याच्या आखणीतील दोषांबद्दल मतभेद असतील. पण सपाट पावलाने बसमध्ये शिरता येते, एवढे तरी त्याने सिद्ध केले होते.

कायद्याचीही उणीव नाही. संविधानाचे ४१वे कलम वार्धक्यात साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्थानके आणि वाहने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले की सुगमतेचे किमान निकष नुसते शिफारसवजा असून भागणार नाही. ते बंधनकारकच हवेत. येथे एक मुद्दा ध्यानात ठेवावा. गुडघे झिजलेला वृद्ध बहुधा स्वतःला दिव्यांग मानत नाही. त्याच्याजवळ तसे प्रमाणपत्रही नसते. सपाट फलाट मात्र कोणाकडे प्रमाणपत्र मागत नाही. गर्भवती स्त्री, लहान मूल, डोक्यावर बोजा घेतलेला हमाल या सर्वांनाच तो उपयोगी पडतो.

मग काम अडते कोठे? ते अडते आपल्या मनातील श्रावणबाळापाशी. राज्याच्या वृद्ध निवृत्तिवेतन योजनेलाही आपण त्याचेच नाव दिले. आईबापांची कावड खांद्यावर घेणारा मुलगा हा आपला आदर्श. त्यामुळे कावड वाहणे हे कुटुंबाचे खासगी कर्तव्य ठरले आणि राज्य मोकळे झाले. प्रत्यक्षात ही कावड बहुधा सून किंवा लेक वाहते, आणि तपासणीच्या प्रत्येक खेपेला तिची दिवसभराची मजुरी बुडते. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्या घरचा म्हातारा ‘आता काय करायचंय डॉक्टरला जाऊन’ असे म्हणून ओट्यावर बसून राहतो. आपण त्याला समाधानी वृत्ती म्हणतो. वस्तुतः ती नाइलाजाने पत्करलेली कैद असते. २०११ च्या जनगणनेनुसारच महाराष्ट्रातील जवळजवळ दर दहावी व्यक्ती साठीपुढची होती. तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न म्हणून दूर सारता येणार नाही.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकावर किमान एक फलाट गाडीच्या दाराच्या उंचीचा असावा. तो होईपर्यंत प्रत्येक गाडीत घडीची भक्कम पायरी ठेवावी. वृद्ध प्रवासी जागेवर बसल्याशिवाय वाहकाने घंटी देऊ नये, आणि त्यापायी झालेल्या उशिराबद्दल चालक-वाहकांना जाब विचारू नये. लहान रेल्वे स्थानकांवर जिन्याला पर्याय म्हणून उतार बांधावा. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत परत द्यावी. ग्रामसभांनी आणि प्रवासी संघटनांनी या मागण्या आगारप्रमुखांपुढे व लोकप्रतिनिधींपुढे लेखी मांडाव्यात आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

वृद्धांना दयेची गरज नाही. आयुष्यभर याच रस्त्यांवर खडी टाकून, याच रानांत ऊस तोडून त्यांनी आपले भाडे केव्हाच चुकते केले आहे. आता पायरी खाली आणण्याची पाळी आपली आहे.