निनावी अर्जदाराची कैफियत

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या भातसा धरणातून जातो, त्याच धरणाच्या शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात, ही विसंगती सर्वश्रुत आहे; परंतु टँकरच्या फेऱ्यांच्या हिशेबाविषयी भातसानगरच्या आसपासच्या एखाद्या रोजंदारीवरील मनुष्याने मोबाइलवर चार ओळी लिहावयाचे मनात आणले, तर त्याला प्रथम चिंता पडते ती पाण्याची नव्हे, स्वतःच्या नावाची. टँकर ज्याचा, कामही त्याच्याचकडे असले, म्हणजे ही चिंता अनाठायी म्हणता येत नाही.

नाव झाकून लिहिणे हे भेकडपणाचे लक्षण मानणारे सद्गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ आहेत. सरकारी चाकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने, आणि रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध लेखणी उचलली ती ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून. त्यांना भेकड म्हणण्याची या सद्गृहस्थांची तरी छाती आहे काय? उलट, त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरात नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर उघड नावाने प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला, आणि तो मजकूर केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही, अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवले, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला; तथापि पोलीस ठाण्यात काढलेले तास निकालपत्राने परत मिळत नाहीत.

शिवाय आता नाव झाकणेच दुष्कर झाले आहे. सिमकार्ड ओळखपत्रावाचून मिळत नाही, व्हॉट्सॲपचे खाते त्याच क्रमांकावर चालते, आणि संदेश वाटेत कोणाला वाचता येत नसला, तरी गावच्या ग्रुपमध्ये तो क्रमांकासकट उमटतो, जेथे ठेकेदाराचा मेहुणाही असतोच. ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीने स्वतःच्या फोनवरील नोंद तेवढी टळते. व्हीपीएनने आपला पत्ता संकेतस्थळापासून लपतो. पण एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार त्या सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावनिशी पाच वर्षे दप्तरी ठेवावयाची आहे. ‘टॉर’ आपली वाट तीन निरनिराळ्या यंत्रांतून नेतो, जेणेकरून कोणा एकाला दोन्ही टोके कळू नयेत. मात्र तेथे जाऊन स्वतःच्याच क्रमांकाने खाते उघडणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

याच पडद्याआड शिवीगाळ करणारे आणि लुबाडणारेही दडतात, हे मान्य. त्यांचा शोध न्यायालयाच्या हुकुमाने, प्रकरण पाहून घ्यावा, सरसकट सर्वांची नावे आधीच मागून नव्हे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अर्जदाराला कारण विचारू नये, व संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे काही मागू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. तोच दंडक ऑनलाइन तक्रारींना लावावा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडे ती खुलाशासाठी पाठवताना अर्जदाराचे नाव व क्रमांक वगळावा. तहसील कचेरीत एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही. थोडी तसदी घेणारा अव्वल कारकून पुरतो.