घसारा कोणाच्या खात्यावर?

१९८० सालच्या हंगामात ह्यूस्टन ऑइलर्स या संघाने अर्ल कॅम्पबेलच्या हाती ३७३ वेळा चेंडू सोपविला. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. तेथे चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसावयाचे असते, आणि हे काम ज्याच्या वाट्याला येते त्यास 'रनिंग बॅक' म्हणतात. त्या बहुतेक धावांचा शेवट एकाच रीतीने झाला: शंभर-सव्वाशे किलो वजनाची माणसे त्याच्या अंगावर कोसळली. कॅम्पबेलने त्या हंगामात १,९३४ यार्डांची मजल मारली. कौतुक झाले ते या आकड्याचे. ३७३ चा हिशेब त्याचे गुडघे व पाठीचा कणा पुढे आयुष्यभर चुकता करीत राहिले.

कॅम्पबेलचा जन्म १९५५ चा, टेक्सासमधील टायलर येथील. हा मुलूख गुलाबाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. घरात अकरा भावंडे. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने गुलाबाच्या मळ्यांत राबून संसार ओढला. मुलेही त्या मळ्यांत राबली. अशा कृष्णवर्णीय मुलाजवळ बाजारात मांडण्यासारखे काय होते? असामान्य बळाचे एक शरीर, एवढेच. टेक्सास विद्यापीठाच्या संघातून खेळताना १९७७ मध्ये त्याला हाइसमन पारितोषिक मिळाले. १९७८ मध्ये तेलाच्या धंद्यातील मालक बड अॅडम्स यांच्या ऑइलर्स संघाने त्याला सर्वप्रथम निवडले. निवडले हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा, कारण आपण कोणाकडे काम करावयाचे हे नवा खेळाडू ठरवीत नाही. संघ आळीपाळीने खेळाडू वाटून घेतात.

१९७८, ७९ आणि ८० या तिन्ही हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याच्याच नावावर होते. अंगावर येणाऱ्याला चुकविण्याऐवजी तो थेट त्याला जाऊन भिडे. प्रेक्षक त्यावर खूश होते आणि प्रशिक्षकही. आठ हंगामांत त्याने एकूण २,१८७ वेळा चेंडू वाहिला, त्यांपैकी १,४०४ वेळा पहिल्या चारच हंगामांत. १९८४ मध्ये शरीर थकू लागताच त्याची रवानगी न्यू ऑर्लिन्सच्या संघाकडे झाली. १९८६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. १९९१ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतर काठी आली, मग चालण्याची चौकट, मग चाकांची खुर्ची.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ज्याला लक्षावधी डॉलर मिळतात त्याला कामगार कसे म्हणावे? आक्षेप पोकळ नाही. मळ्यात गुलाब खुडणाऱ्या बाईची आणि तिच्या प्रसिद्ध मुलाची स्थिती एक नव्हे. परंतु मजुरीचा आकडा मोठा झाल्याने मजुरीचे नाते बदलत नाही. हे खुद्द खेळाडूंनीच ओळखले होते. १९८२ मध्ये त्यांच्या संघटनेने लीगच्या एकूण उत्पन्नातील ५५ टक्के वाटा मागितला व ५७ दिवस संप केला. सोळा सामन्यांचा हंगाम नवावर आला, पण वाटा मिळाला नाही. १९८७ च्या संपात मालकांनी सरळ बदली खेळाडू मैदानात उतरविले आणि २४ दिवसांत संप मोडला. करार संपल्यावर हवा तो संघ निवडण्याचे खरे स्वातंत्र्य १९९३ मध्ये आले, तेही न्यायालयीन लढ्यानंतर.

रनिंग बॅकच्या पदरात त्यातले फार थोडे पडते. २०११ च्या कराराने नवोदितांच्या वेतनाला कडक मर्यादा घातली, आणि या करारावर संघटनेचीही सही होती. पहिला करार चार वर्षांचा. ज्याचे शरीर याच चार वर्षांत सर्वाधिक पिळले जाते, त्याला मोलभाव करण्याची संधी येते ती 'आता हा झिजला' असे मालक म्हणू लागल्यावर. त्यातही 'फ्रँचाइज टॅग' लावून संघ त्याला आणखी एक वर्ष अडवून ठेवू शकतो. २०२२ मध्ये सर्वाधिक यार्ड धावलेला जॉश जेकब्स आणि न्यू यॉर्कचा सेक्वॉन बार्कली यांच्यावर २०२३ मध्ये हाच प्रसंग आला. दोघांनाही दीर्घ मुदतीचा करार नाकारला गेला. पुढच्याच वर्षी बार्कली फिलाडेल्फियाकडे गेला, २,००५ यार्ड धावला, आणि त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. झिजल्याच्या सबबीत तथ्य किती होते, ते यावरून समजावे.

मात्र एका ठिकाणी ही झीज बिनतक्रार मान्य होते, आणि ते ठिकाण म्हणजे मालकाची करविवरणे. अमेरिकन करकायद्यानुसार संघ विकत घेणारा धनिक खेळाडूंच्या करारांची किंमत, यंत्रावरील घसाऱ्याप्रमाणे, आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करू शकतो. २००४ च्या कायद्याने यासाठी पंधरा वर्षांची मुदत ठरविली. म्हणजे खेळाडू झिजतो हे सरकारदरबारी मंजूर आहे, पण त्याबद्दलची सूट मिळते मालकाला. ज्याचा गुडघा झिजला त्याच्यासाठी त्या विवरणात रकाना नाही.

त्याला भरपाई हवी असेल तर न्यायालय गाठावे लागते. डोक्यावरील आघातांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठीचा समझोता २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केला. त्याच्या तपासणीत, कृष्णवर्णीय माणसाची बौद्धिक क्षमता मुळातच कमी होती असे गृहीत धरणारे माप वापरता येत होते. साहजिकच 'तुझे फारसे काही गमावलेच नाही' हा निष्कर्ष त्याच्यासाठी तयार असे. नजे डॅव्हनपोर्ट हा माजी रनिंग बॅक आणि केव्हिन हेन्री यांनी २०२० मध्ये याविरुद्ध दावा लावला. ही पद्धत सोडण्याचे लीगने जून २०२१ मध्ये जाहीर केले. तोवर या दोघांचेही भरपाईचे अर्ज नाकारले गेले होते.