पाण्याखालचं ठीक आहे, पण बोटीचं काय?

दिवाळीची सुट्टी असो की परीक्षा संपल्यानंतरचा मे महिना, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रिपचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं : मालवण. यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्याकडे पाणी म्हणजे बेंबळा, अरुणावती, पैनगंगा, नाहीतर शेतातली विहीर. त्यामुळे निळ्या पाण्यात, माशांच्या घोळक्यात, तोंडाला नळी लावून अंगठा दाखवणाऱ्या मित्राची रील पाहिली की आपणही एकदा जावं असं वाटणारच. धामणगावला किंवा बडनेऱ्याला कोकणाकडे जाणारी गाडी पकडायची, कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तासाभरावर. बजेट बसतं, प्लॅन ठरतो.

आणि मग ग्रुपमधला कोणीतरी विचारतो, ‘अबे, पण मला पोहता येत नाही!’ उत्तर तयार असतं, ‘नाही आलं तरी चालते!’

हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल जाण्याआधीच बोललेलं बरं.

स्कूबा, पण किती?

मालवण-तारकर्लीला बहुतेक पर्यटक करतात ती ‘ट्राय डाइव्ह’. प्रशिक्षित डायव्हर होण्याचा कोर्स वेगळा. त्यात थिअरी असते, सराव असतो, पोहण्याची परीक्षा असते. सर्वांत पहिल्या ‘ओपन वॉटर’ कोर्ससाठीही साधारण २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं यावं लागतं. तो पूर्ण केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं.

ट्राय डाइव्हमध्ये यातलं काही लागत नाही. काही मिनिटांची सूचना, मग गाइड तुम्हाला धरून थोड्या खोलीवर नेतो, फोटो-व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. सिलिंडर, दाब, दिशा हे सगळं तोच सांभाळतो. म्हणून ‘पोहता आलं नाही तरी चालतं’ हे डाइव्हपुरतं बरोबर आहे. जगभर अशा पहिल्या अनुभवाच्या डाइव्ह होतात.

मात्र तुमच्याकडून दोन गोष्टी लागतातच. एक, कानावर दाब आला की नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, आणि तरी दुखत राहिलं तर लगेच खूण करायची. दुसरी, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम इथे कामाला येतो. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेला श्वास दाबून ठेवून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला ती देता येत नाही आणि इजा होते. घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो. म्हणून खाली जाण्याआधीची ती दहा मिनिटांची सूचना हा तुम्ही दिलेल्या पैशातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. ती गर्दीत, घाईघाईत उरकली जात असेल तर तुमचं नुकसान होतंय.

धोका खोलीवर की वर?

आपल्याला भीती वाटते खोल पाण्याची. मालवणची आठवण मात्र वेगळं सांगते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली. बोटीत वीस पर्यटक होते. दोघांचा जीव गेला. स्कूबा आटोपली होती, माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती. अपघात झाला तो परतीच्या बोटीचा.

त्या तारखेकडेही पाहा. पावसाळ्यात समुद्र खवळतो म्हणून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलपर्यटन बंद ठेवतं. म्हणजे हा अपघात बंदीच्या फक्त दोन दिवस आधीचा. कॅलेंडरवर समुद्र सुरू होता, पण पाणी कॅलेंडर पाहून बदलत नाही. आणि मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्या परीक्षा संपण्याचा, ‘कॉलेज सुरू व्हायच्या आधी जाऊन येऊ’ म्हणण्याचा काळ. सीझनचे शेवटचे दिवस, पर्यटकांची गर्दी आणि बदलत चाललेला वारा हे तिन्ही एकाच वेळी येतात.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. तिथे तर कोणी स्कूबाला निघालंच नव्हतं. त्या अपघातानंतरही चर्चा फिरून लाइफ जॅकेटवरच आली. पाण्याखाली तुमचा हात धरणारा माणूस असतो. बोट उलटते तेव्हा सगळ्यांना धरायला तेवढे हात नसतात. तिथे पोहता येणं किंवा अंगावर बांधलेलं जॅकेट, या दोनच गोष्टी कामी येतात.

छोट्या धंद्याचं गणित

मग छोट्या ऑपरेटरकडे जायचंच नाही का? असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. मालवणची स्कूबा स्थानिक पोरांनी उभी केली आहे. त्यातले कितीतरी मच्छीमार कुटुंबांतले. या किनाऱ्यावर सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी मिळून सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला, त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग-स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. एमटीडीसीने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची स्वतंत्र संस्था काढली, तीच ‘इसदा’. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी तिथल्या प्रवाळांवर काम केलं. मासेमारीचा भरवसा कमी होत असताना घरच्या पोराला गावातच काम मिळालं, ही लहान गोष्ट नाही. शेतीचा भरवसा उरला नाही की काय होतं, हे यवतमाळच्या पोरांना कोणी वेगळं सांगायला नको.

पण या धंद्याचं गणित तंग आहे. बोट, डिझेल, हवा भरायचा कॉम्प्रेसर, सिलिंडरची तपासणी, गाइडचा पगार हा खर्च ठरलेला. कमाईचे महिने मोजके, त्यातही खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातली. किनाऱ्यावर शेजारीशेजारी कितीतरी जण तीच सेवा विकतात. मग स्पर्धा होते ती फक्त दरावर. ‘स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड सगळं एवढ्यात!’ अशी पॅकेजं येतात. आपण त्यातही घासाघीस करतो आणि शंभर रुपये सुटले की खूश होतो. ते शंभर रुपये कुठून तरी सुटलेले असतात. डिझेल स्वस्त होत नाही. मग एका फेरीत दोन माणसं जास्त बसतात, सूचना पाच मिनिटांत संपते, गाइडला दोन डाइव्हच्या मधली विश्रांती मिळत नाही.

नियम आहेत, पण विचारतो कोण?

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्कूबा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि जमीन, हवा, पाणी या तिन्हींतल्या साहसी उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय केली. बोटीची नोंदणी आणि प्रवासी क्षमता हा मेरीटाइम बोर्डाचा विषय. शिवाय मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं, म्हणजे वन विभागही आला.

गोची इथेच आहे. बोट एका खात्याची, डाइव्ह दुसऱ्याची, पाण्याखालचं प्रवाळ तिसऱ्याचं. बोटीत चढणाऱ्या पर्यटकाला मात्र हे सगळं एकत्र दाखवणारा एक साधा फलकही सहसा दिसत नाही. अपघात झाला की आठवडाभर तपासण्या होतात आणि पुढच्या सीझनला पुन्हा ‘या, या, स्कूबा!’

हा प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. नौदलाचं ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालं आणि २२ फेब्रुवारी २०२५ ला ते एमटीडीसीच्या ताब्यात आलं. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ ते समुद्रतळावर ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, अशी योजना आहे. कल्पना भारी आहे. स्वच्छ केलेल्या जहाजावर प्रवाळ आणि मासे वस्ती करतात, असे प्रयोग जगात झाले आहेत. पण बुडालेल्या जहाजाभोवती फिरणं हे हात धरून केलेल्या ट्राय डाइव्हपेक्षा वेगळं कसब आहे. तिथे जास्त शिकलेले गाइड, चांगल्या बोटी आणि जवळ उपचाराची सोय लागेल. जहाजाइतकाच पैसा आणि लक्ष या तिन्हींकडे गेलं, तर त्याच स्थानिक पोरांना चांगल्या पगाराचं काम मिळेल. नाहीतर फक्त गर्दी वाढेल.

बोटीत चढण्याआधी विचारा

– पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का? बोटीवर प्रवासी संख्या लिहिली आहे का? तेवढीच माणसं बसली आहेत का?

– जाताना आणि *येतानाही* जॅकेट अंगावर बांधलेलं आहे का? ओल्या कपड्यांवर नकोसं वाटतं, म्हणून परतताना ते काढू नका.

– खाली एका गाइडकडे किती जण? पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी एकास एक सर्वांत चांगलं.

– दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, साधी सर्दी यांबद्दल त्यांनी विचारलं का? नसेल तर तुम्ही सांगा. पैसे भरलेत म्हणून लपवू नका.

– आदल्या रात्री दारू नको. डाइव्हनंतर किमान १२ तास विमान नको, एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर १८ तास.

– प्रवाळावर पाय ठेवू नका, माशांना पाव-बिस्किटं टाकू नका.

– ‘आज समुद्र बरा नाही’ असं ऑपरेटर म्हणाला तर हुज्जत घालू नका. धंदा बुडवून खरं सांगणारा माणूस आहे, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.

यातलं काही विचारायला लाज वाटायचं कारण नाही. दहा पोरांचा ग्रुप हेच प्रश्न विचारू लागला, की नीट काम करणाऱ्या छोट्या ऑपरेटरला आपला दर दोनशे रुपयांनी जास्त का आहे, हे सांगता येतं. रिव्ह्यू लिहितानाही ‘फोटो मस्त आले’ याच्या पुढे एक ओळ लिहा : जॅकेट दिलं की नाही, सूचना किती वेळ दिली.

आणि सगळ्यांत आधी, पोहायला शिका. दर पावसाळ्यात आपल्या धरणांवर, नदीवर, विसर्जनाला पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. विहिरीत भावाला पोहायला शिकवतात, बहिणीला कोणी उतरू देत नाही, हेही आपल्याकडचंच. ट्रिप मेमध्ये असेल तर आता हातात महिने आहेत. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली शिका, आणि ग्रुपमधल्या मुलींनाही सोबत घ्या. ‘नाही आलं तरी चालते’ या उत्तरावर विसंबून राहायची वेळच मग येणार नाही.